माजी आमदारांची पेन्शन नेमकं कोण ठरवतं? कोर्ट ती बंद करू शकतं का?

थोडक्यात सांगायचं तर आमदारच ठरवतात, म्हणजे त्या त्या राज्याचं विधिमंडळ. केंद्राचा यात काही संबंध नाही. घटनेच्या कलम १९५ मध्ये आमदारांचे पगार-भत्ते विधिमंडळाने कायदा करून ठरवायचे असं आहे, पेन्शन हा शब्द तिथे नाहीच, पण सातव्या अनुसूचीच्या राज्यसूचीत (राज्यांनी कायदे करायच्या विषयांची यादी) नोंद ४२ आहे, राज्याच्या तिजोरीतून दिली जाणारी पेन्शन, तिच्यावरून अधिकार मिळतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात यासाठी १९७६ चा कायदा आहे आणि रक्कम त्यातच लिहिलेली असते, त्यामुळे वाढ करायची तर दुरुस्ती विधेयक आणावं लागतं. २०१६ ला ४० हजाराचे ५० हजार झाले ते असंच, आणि असल्या विधेयकावर सत्ताधारी-विरोधक भांडत नाहीत हे वेगळं सांगायला नको 😄

कोर्टाचं म्हणाल तर २०१८ ला सुप्रीम कोर्टात खासदारांच्या पेन्शनवर याचिका होती, कलम १०६ (खासदारांच्या पगार-भत्त्यांचं कलम) मध्येही पेन्शन शब्द नाही हाच मुद्दा होता, तरी फेटाळली. म्हणजे कोर्टाकडून फार आशा ठेवू नका.

कमी करायची तर तेही विधिमंडळच करणार. पंजाबने २०२२ ला केलं ना, आधी जितक्या टर्म तितकी पेन्शन वाढायची, आता कितीही वेळा निवडून या, एकच पेन्शन. त्यांनी आधी वटहुकूम काढायला बघितला पण राज्यपालांनी परत पाठवला, विधेयक आणा म्हणाले, मग रीतसर विधानसभेत पास करून घेतलं.