आधी सांधा काढ

प्रिय पोरी,

तुझ्या रोबोच्या कॉमिकची 16 पानं काल रात्री पाहिली. आज सकाळी चहा निवेपर्यंत पुन्हा पाहिली आणि मग तुझा मेसेज वाचला: "सर, माझी स्टाईल रोबोंना शोभत नाही असं सगळे म्हणतात. रेषा बदलू का?"

सगळे म्हणजे कोण ते विचारत नाही. पण विचारतेस काय, तू रेषा बदलून मोकळी झाली आहेस! पहिल्या सहा पानांत ब्रश आहे, सातव्यापासून पट्टी. घाट तोच, म्हातारी तीच, रोबो मात्र कुठल्यातरी थ्रीडी मॉडेलवरून गिरवलेला. तो गोदेच्या पायरीवर उभा नाही, स्टिकरसारखा चिकटवलाय.

रेषा बदलू नकोस. सांधा सुधार.

पहिल्या सहा पानांतला रोबोही चुकलेलाच आहे. त्याचं कोपर रबरी नळीसारखं वाकतं आणि हात दुमडला की दंड फुगतो. माणसाचा फुगतो, कारण आत स्नायू आहे. पत्रा कशाला फुगेल? खांद्यापासून कोपरापर्यंतचं अंतर पहिल्या चौकटीत जेवढं, तेवढंच शेवटच्या चौकटीत राहायला हवं. बदलेल तो फक्त कोन. बाजूला पिस्टन दाखवलास तर हात वाकताना त्याचा दांडा आत तरी जाईल किंवा बाहेर तरी येईल. तुझा सगळीकडे सारखाच. वाचणाऱ्याला हे खुपतं, पण काय खुपतंय ते सांगता येत नाही, म्हणून तो स्टाईलवर ढकलतो. आणि तू ऐकतेस!

मी अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन होतो, हे तुला माहीत आहे. शेवटच्या काही वर्षांत तिथे वेल्डिंगचा रोबो आला, सहा ॲक्सिसचा, म्हणजे सहा सांध्यांत वळणारा एकच मोठा हात. जेवणाच्या सुट्टीत मी जाळीबाहेर डबा घेऊन त्याच्यासमोर बसायचो. सहाच का? टोक हव्या त्या जागी न्यायला तीन आणि तिथे पोचल्यावर हव्या त्या बाजूला वळवायला तीन. बुंध्यात एक फिरकी, मग खांदा, मग कोपर, उरलेले तिन्ही मनगटाकडे. त्याच्या अंगावरून केबलचा जाड जुडगा जायचा. सांध्यापाशी त्याला झोळ ठेवलेला असायचा, नाहीतर हात वळला की ताण बसून केबल तुटायची. तो झोळ पट्टीने काढून दाखव बरं. तो तुझ्या ब्रशचाच आहे, पण सांधा कुठे आहे ते कळल्याशिवाय झोळ कुठे पडतो ते कळणार नाही. म्हणून म्हणतो, आधी सांधा.

आणि धातू म्हणजे सरळ रेषा हे कुणी भरवलं तुमच्या डोक्यात? नाशकात राहतेस ना? भांडी बाजारात जा. घागरीला एक तरी सरळ रेषा सापडते का बघ. अंगभर ठोक्यांच्या खुणा, कानाशी रिव्हेट, बूड जरासं बसकं. आणि तांब्याचा बंब! पोट, धुराडं, तोटी, खाली तीन पाय. लहानपणी पहाटे अंधारात तो धुसफुसायचा तेव्हा मला तो जिवंतच वाटायचा. तुझ्या गोल रेषेला याहून चांगला रोबो कुठे मिळणार आहे?

'रोबो' हा शब्दच मुळात एका चित्रकाराच्या तोंडचा. कारेल चापेकच्या 1920 च्या नाटकासाठी तो त्याच्या भावाने, योसेफने सुचवला. चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठबिगार. त्या नाटकातले रोबो लोखंडाचे नव्हतेच. म्हणजे यंत्रमानवाला अशीच कोरडी, कापल्यासारखी रेषा लागते हा नियम मागून आलेल्यांनी लावलाय. 1952 मध्ये जपानी चित्रकार ओसामु तेझुकाने ॲस्ट्रो बॉय हा रोबो पोरगा काढायला घेतला तो किती गोलमटोल रेषेत! केसांची दोन टोकं तर कुठूनही बघितलं तरी दोन्ही दिसतात, शुद्ध थाप. पण त्याच्या छातीची झडप उघडली की आत यंत्र असतं, आणि पोरांचा विश्वास बसतो. मार्व्हलचं ट्रान्सफॉर्मर्स कॉमिक 1984 ते 1991 चाललं, त्यात चित्रकार जेफ सीनियरचे रोबो कोनदार, ठोकळेबाज. अँड्र्यू वाइल्डमनच्या रोबोंना ओठ, सुरकुत्या, आवळलेले दात. पात्रं तीच, आणि दोघांनाही मानणारे लोक आहेत.

आता तू अमेरिकन कॉमिक्सवाल्या जॅक कर्बीला पुढे करशील. त्याची यंत्रं कुठल्याच टूलरूममध्ये चालायची नाहीत, हे मान्य. पण 1977 च्या त्याच्या मशीन मॅनचे हातपाय लांबतात ना, ते दुर्बिणीसारखे, नळीत नळी सरकून. तोही सांधाच की! बाकीच्या कर्बीबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. अपवाद दाखवून मला गप्प करू नकोस.

चिडलो, माफ कर. पण मी स्वतः रेषा बदलून बसलेलो आहे. नव्वदच्या दशकात एका दिवाळी अंकासाठी आठ पानांची चित्रकथा केली होती. ब्रशने. संपादक म्हणाले, यंत्रमानव असा गुबगुबीत? लोक हसतील. मी तीन रात्री जागून मिनी ड्राफ्टर आणि रोट्रिंग पेन या ड्राफ्ट्समनच्या हत्यारांनी सगळी पानं पुन्हा केली. छापून आली, स्वच्छ, बिनचूक, एखाद्या पंपाच्या ड्रॉइंगसारखी. एकही पत्र आलं नाही. हसायलासुद्धा कुणी आलं नाही.

त्यानंतर मी कॉमिक केलं नाही. मी घाबरलो असं घरचे म्हणतात. घाबरलो नव्हतो. दोन मुलं लहान होती, आई अंथरुणाला खिळलेली, नोकरी सोडून कसं चाललं असतं? अर्थात नोकरी सोड असं मला कुणी म्हटलंच नव्हतं. रात्री दहानंतर टेबल मोकळंच असायचं. असो.

आता काम. पान नऊ, तिसरी चौकट. रोबो म्हातारीची भरलेली कळशी उचलतो. भरलेली, पोरी! तिचं वजन त्याच्या एकाही सांध्यात उतरलेलं नाही, म्हणून ती रिकामी वाटते. कळशी पुढे आली की धड मागे जायला हवं, गुडघा दुमडायला हवा, खांद्याच्या खिळीवर ताण दिसायला हवा. ओल्या पायरीवरचा पाय मी सांगत नाही, तो तुझा तू शोध. आधी नुसते सांधे मांड, पेन्सिलीने, टिंबं आणि काड्या. मग ब्रश घे, आणि मग कुणाचंही ऐकू नकोस. माझंही.

रविवारी सकाळी ये. टॅब आणलास तरी चालेल, पट्टी आणू नकोस. माळ्यावरचा बंब खाली काढून ठेवतो. बायको कटकट करेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. त्याला दोन हात लावून दाखव, कोपरासकट. ती ब्रशची आठ पानंही माळ्यावरच्याच ट्रंकेत आहेत. तुला दाखवायची की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

तुझे,
सर