स्पीकरचे ग्राफ कितपत खरे?

प्रश्न : दोन बुकशेल्फ जोड्यांपैकी स्वस्त जोडीचा ग्राफ (कोणता सूर किती मोठ्याने वाजतो ते दाखवणारा) जास्त सपाट आहे. ग्राफवर विसंबून तीच घ्यावी का? (वाचक, ठाणे)

उत्तर : आधी तो ग्राफ कसला आहे ते पाहा. पत्रकातली ‘५० ते २०,००० हर्ट्झ’ ही ओळ किती डेसिबलच्या फरकात, हे दिलेलं नसेल तर काही कामाची नाही. नुसत्या समोरून घेतलेल्या एका रेषेवरही भागत नाही, कारण बराचसा आवाज भिंती, छत आणि जमिनीवर आपटून कानापर्यंत येतो. म्हणून सीटीए-२०३४ या स्पीकर मोजण्याच्या अमेरिकी प्रमाण पद्धतीत स्पीकर आडवा आणि उभा, दर १० अंशांनी फिरवून ७० मापं घेतात. असा ग्राफ असेल तर त्यावर जरूर भरवसा ठेवा. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांवर दाखवलं, की अशा मापांवरून बांधलेला अंदाज आणि ब्रँड न दाखवता ऐकणाऱ्यांनी दिलेले गुण यांचा सहसंबंध ०.८६ येतो (१ म्हणजे पूर्ण जुळणी). किमतीचा टॅग एवढं सांगू शकत नाही.

नजर मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झवर ठेवा. साडेसहा इंची वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूचा) आवाज तिथे पोचेपर्यंत अरुंद झालेला असतो आणि ट्वीटरचा (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाचा) मात्र सगळीकडे पसरतो. समोरची रेषा सपाट आणि बाजूच्या रेषांना तिथे आधी खड्डा, मग फुगवटा, असं दिसलं तर गायकाचा आवाज कर्कश वाटण्याची शक्यता मोठी. हा दोष इक्वलायझरने जात नाही : बाजूचा आवाज दाबायला गेलात की समोरचाही दबतो. बाजूच्या रेषा खाली उतरत जाणारच, पण त्या एकसारख्या उतरायला हव्यात.

ऑलिव्ह यांच्या सूत्राने मापांवरून काढलेल्या एकत्रित गुणांत ५.८ आणि ६.१ असा फरक असेल तर तो सोडून द्या. त्या सूत्रात विकृती (डिस्टॉर्शन) आणि मोठ्या आवाजाची मर्यादा धरलेली नाही. ती मापं वेगळी पाहा, विशेषतः वूफर पाच इंची असेल तर.

प्रश्न : ग्राफ उत्तम, तरी घरी बास घुमतो. खोली १० बाय १२ फूट, छत १० फूट. (वाचक, नाशिक)

उत्तर : साधारण ३०० हर्ट्झच्या खाली खोलीचंच राज्य असतं. ३४३ ला (आवाजाचा वेग, सेकंदाला मीटर) लांबीच्या (मीटरमध्ये) दुपटीने भागा, म्हणजे खोली कोणत्या सुराला घुमते ते कळेल : १२ फुटांना ४७ हर्ट्झ, १० फुटांना ५६. तुमची रुंदी आणि उंची सारखीच, म्हणून ५६ वर दोन अनुनाद एकावर एक बसलेत. याच जागी दुप्पट किमतीचा स्पीकरही घुमेल.

आधी खुर्ची खोलीच्या मध्यावरून आणि मागच्या भिंतीपासून हलवा, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. मग कॅलिब्रेशन फाइल (माइकची स्वतःची चूक वजा करणारी) असलेला यूएसबी माइक कानाच्या जागी ठेवून आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने स्वीप (खालून वरपर्यंत चढत जाणाऱ्या सुराचं माप) घ्या, माइक थोडा थोडा सरकवून पाच-सहा वेळा, आणि सरासरी काढा. इक्वलायझरने फक्त उंचवटे कापा. खड्डा भरायला जाऊ नका : ६ डेसिबल वाढवायला अँपला चौपट वॅट लागतात आणि खड्डा तरी बहुधा तसाच राहतो.

प्रश्न : ८६ डेसिबल संवेदनशीलतेचे (ठरावीक विजेवर एवढा आवाज देणारे) दोन स्पीकर, एक ४ ओहम, दुसरा ८. कोणता घ्यावा?

उत्तर : माप २.८३ व्होल्टवर घेतलेलं असेल तर ८ ओहमचा १ वॅट घेतो, ४ ओहमचा २. म्हणजे ४ ओहमचा खरा आकडा वॅटमागे ८३. अँप साधा असेल तर ८ ओहमचा घ्या.