वाचकांचे प्रश्न: कोडिंग येत नाही, तरी हेल्थ इन्फॉर्मेटिक्सकडे वळू का?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी गेली नऊ वर्षं आरोग्य शिक्षणाचं काम करतेय, म्हणजे गटसभा घेणं, पत्रकं बनवणं, नर्सना ट्रेनिंग देणं आणि महिनाअखेरीला रिपोर्ट पाठवणं. मागच्या वर्षी रजिस्टरं जाऊन टॅबलेट आले, ते सगळ्यांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. आता इन्फॉर्मेटिक्स, म्हणजे आरोग्याची माहिती कॉम्प्युटरवर गोळा करणं नि वापरणं, आणि पॉलिसीकडे वळावंसं वाटतंय. पण वय ३६, कोडिंगचा गंध नाही, आणि सॉफ्टवेअरवाली मुलं मीटिंगमध्ये बोलायला लागली की निम्मं डोक्यावरून जातं. घरचे म्हणतात नसती उठाठेव कशाला. आधी कोर्स करू की आधी नोकरी शोधू?
— एक आरोग्य शिक्षिका

उत्तर: ताई, मीही याच वाटेने आले, पोस्टर चिकटवण्यापासून सुरुवात केली होती, त्यामुळे कोडिंगची ती धास्ती मला चांगली माहितीये. पण खरं सांगू का, प्रोग्रॅमर शोधले की मिळतात. हा आकडा आला कुठून हे सांगणारं माणूस मात्र शोधूनही सापडत नाही.

बाळाच्या वजनाचंच घ्या. २५०० ग्रॅमच्या खाली असेल तर ते कमी वजनाचं बाळ, ही जगभर चालणारी व्याख्या. आता एखाद्या प्रसूती विभागाचं रजिस्टर उघडा, २.५, ३, २.५, २.५, ३ अशी रांग लागलेली असते, २.४७ वगैरे औषधालाही सापडत नाही. कारण काटा जुना, नर्सबाई एकटी, शेजारच्या खाटेवर दुसरी बाळंतीण, आणि २.४ लिहिलं की पुढे आणखी फॉर्म भरायचे, मग २.५ लिहून मोकळं व्हायचं. सॉफ्टवेअरला यात काहीच खटकत नाही, लाल खूण येत नाही, आणि वरच्यांना वाटतं कमी वजनाची बाळं कमी झाली! तुम्ही ते पान बघितल्या बघितल्या हसाल. ज्याने रजिस्टर कधी भरलं नाही तो त्याचा सुंदर ग्राफ काढेल.

मीही काढलाय. नवीन नवीन असताना लसीकरणाचं कव्हरेज ११२ टक्के असा रिपोर्ट अगदी ऐटीत सादर केला होता. साहेबांनी शांतपणे विचारलं, उरलेली १२ टक्के मुलं कुठून आणलीत? मग लक्षात आलं की छेदातली लोकसंख्या जुन्या अंदाजावरची होती आणि शेजारच्या भागातली मुलंही आमच्याकडेच लस घेऊन जात होती. त्या दिवसापासून मी अंश नंतर बघते, छेद आधी.

तसाच घोळ रिकाम्या रकान्याचा. या महिन्यात मलेरियाचा एकही पेशंट नाही म्हणून कुणी ० लिहितं, कुणी रकाना तसाच सोडतं, आणि कुणी रिपोर्टच पाठवलेला नसतो. तीन वेगळ्या गोष्टी, पण नीट सेटिंग केलं नसेल तर स्क्रीनवर तिन्ही सारख्याच दिसतात. डीएचआयएस२ नावाची, आरोग्याची आकडेवारी गोळा करणारी सिस्टिम आज कितीतरी देशांत राष्ट्रीय पातळीवर चालते, तिचं मूळ १९९४ साली दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेल्या कामात आहे आणि आता ती ओस्लो विद्यापीठातून सांभाळली जाते. तिची डेमो आवृत्ती फुकट उघडता येते. तिथे जाऊन एखाद्या इंडिकेटरचा, म्हणजे कव्हरेजसारख्या मोजमापाचा, अंश आणि छेद कसा बांधलाय ते बघा, दोन संध्याकाळी जातील पण कोर्सच्या पहिल्या महिन्याएवढं कळेल.

शिकायचं काय म्हणाल तर आधी एक्सेल, पण खरंखुरं एक्सेल, पिव्होट टेबलसकट, म्हणजे लांबलचक यादीचा गोषवारा काढणाऱ्या तक्त्यांसकट. त्याला हलकं समजू नका. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस वेळेवर मोजल्याच गेल्या नाहीत, कारण फाईल जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये होती, त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्यापुढच्या ओळी गळाल्या तरी कुणाला पत्ता नाही, आणि त्या लोकांच्या संपर्कातल्यांना शोधायला उशीर झाला तो झालाच. एक्सेलनंतर थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, आणि आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा गरज पडेल तेव्हा.

मीटिंगमध्ये डोक्यावरून जातं ते बहुतेक कोडिंग नसतंच, ती कोडांची नावं असतात. एक लॅब हिमोग्लोबिन लिहिते, दुसरी एचबी, तिसरी आणखी काहीतरी, मशीनला कळणार कसं की तपासणी एकच आहे? म्हणून लॉइंक नावाची यादी आहे, त्यात रक्तातल्या हिमोग्लोबिनला ७१८-७ हा नंबर. आजारांसाठी आयसीडी ही यादी, तिची ११ वी आवृत्ती २०२२ पासून लागू झालीये. आणि ही मुलं फायर फायर करतात ना, ती आग नाही हो, एका सिस्टिममधून दुसरीत माहिती पाठवायची ठरलेली पद्धत आहे. एवढं कळलं तरी पुढच्या मीटिंगला तुम्ही बिनधास्त बसाल.

पॉलिसीचं म्हणाल तर तिथे तुमचं जुनं कामच कामाला येतं. पेशंटची माहिती कोण भरणार, कोण बघणार, किती वर्षं ठेवणार, नोंदणीच्या खिडकीवर बसलेल्याला एचआयव्हीचा रिपोर्ट दिसायला हवा का, हे सगळं तिथे ठरतं. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यात आरोग्याची माहिती खास जपायच्या गटात टाकलीये. पण संमतीचा तो चौकोन टिक करताना समोरच्या बाईला काही कळलं का? ते कळवणं म्हणजे आरोग्य शिक्षणच की.

कोर्स की नोकरी? सध्याची नोकरी सोडू नका. आहे तिथेच एक आकडा धरा, खाटेपासून डॅशबोर्डपर्यंत (वरच्यांना आकडे दिसतात त्या स्क्रीनपर्यंत) त्याचा माग काढा, कुठे गळतो कुठे फुगतो ते दोन पानांत लिहा. इंटरव्ह्यूला सर्टिफिकेटपेक्षा ती दोन पानं जास्त बोलतात. मग पार्टटाइम कोर्स घ्या, ज्यात खरा, घाण डेटा हाताळायला देतात असा. जाहिराती बघताना नुसतं इन्फॉर्मेटिक्स शोधू नका, एम अँड ई (देखरेख आणि मूल्यमापन) ऑफिसर, एचएमआयएस (आरोग्य माहिती व्यवस्था) कोऑर्डिनेटर, डेटा क्वालिटी, सॉफ्टवेअर ट्रेनर हेही बघा. पहिलं पद कदाचित आत्ताच्यापेक्षा खालचं वाटेल, आणि माणसांची सवय असलेल्याला दिवसभर स्क्रीन जड जाते, मला पहिलं वर्षभर गेली.

प्रश्न: मी संख्याशास्त्र शिकलोय, आमची टीम कुणाला जास्त काळजीची गरज आहे हे सांगणारं एआय मॉडेल बनवतेय. डेटा भरपूर आहे. कशाकडे लक्ष ठेवू?
— एक तरुण वाचक

उत्तर: मॉडेल नक्की काय मोजतंय तिकडे. २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात अमेरिकेतल्या अशाच एका अल्गोरिदमचा अभ्यास आला होता. त्याने गरज ओळखायला उपचारांचा खर्च धरला होता. पण कृष्णवर्णीय पेशंटवर मुळात खर्चच कमी होत होता, त्यामुळे तेवढाच स्कोअर असलेले गोरे पेशंट त्यांच्यापेक्षा कमी आजारी निघाले. गणितात काही चूक नव्हती. तुमच्या टीममध्ये वरच्या पत्रातल्या ताईंसारखं कुणी असेल तर व्हेरिएबलची, म्हणजे मॉडेलमध्ये घ्यायच्या गोष्टींची, यादी फायनल व्हायच्या आधी त्यांच्या हातात द्या, आणि सोबत लाल पेनही द्या.