'द हंड्रेड-फूट जर्नी' पाहून फ्रान्सला यायचं म्हणतोस, म्हणून

"ताई, हा सिनेमा तीनदा पाहिला. नोकरी सोडून फ्रान्समधल्या एखाद्या लहान गावात रेस्टॉरंट टाकायचं डोक्यात आहे. खरंच असं जमतं का?" असं तू विचारलंस. नऊ वर्षं मी फ्रान्समधल्या लिऑनमध्ये आहे, त्यातली सहा किचनमध्ये गेली. तेव्हा सविस्तरच सांगते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट एवढीच: निवडणुकीवरून झालेल्या हिंसाचारात मुंबईतलं कदम कुटुंबाचं रेस्टॉरंट जळतं, आई त्यात जाते. इंग्लंडमार्गे फिरत ते फ्रान्समधल्या एका गावात येतात, गाडीचे ब्रेक निकामी होतात, आणि मॅडम मॅलोरीच्या मिशेलिन स्टारवाल्या रेस्टॉरंटसमोर, रस्त्यापलीकडे, 'मेझों मुंबई' उघडतं.

त्यात मला सगळ्यात खरी वाटते ती भिंत. एका रात्री 'मेझों मुंबई'च्या भिंतीवर कुणीतरी 'ला फ्रान्स ओ फ्रांसे', म्हणजे 'फ्रान्स फ्रेंचांचंच', असं रंगवतं, आग लावतं, आणि कदमांच्या दुसऱ्या मुलाचे, हसनचे, हात भाजतात. ही घोषणा लेखकाने बसल्याबसल्या रचलेली नाही. 1892 साली निघालेल्या द्रुमों यांच्या ज्यूद्वेष्ट्या वर्तमानपत्राचं ते ब्रीद होतं. आणि सिनेमा आला 2014 च्या ऑगस्टमध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात युरोपियन संसदेच्या निवडणुकीत फ्रान्समध्ये नॅशनल फ्रंट हा कडवा उजवा पक्ष जवळपास 25 टक्के मतं घेऊन पहिला आला होता. म्हणजे त्या भिंतीवरचा रंग तेव्हा ओलाच होता.

पण पुढे सिनेमा मला पटत नाही. द्वेष तिथे मॅडमच्या किचनमधल्या एका शेफच्या गळ्यात घातला आहे. मॅडम त्याला काढून टाकतात, स्वतः ब्रश घेऊन पावसात भिंत घासतात, आणि प्रश्न मिटतो. मला इथे भिंतीवर काही लिहिलेलं कधी दिसलं नाही. मला दिसलं ते वेगळंच. आमच्या किचनमधल्या एका तमिळ दादांचं रेसिडेन्स कार्ड नूतनीकरणात अडकलं. हातात राहिलं 'रेसेपिसे', तात्पुरती पोचपावती. तिचीही मुदत संपली आणि नवीन मिळेना. अकरा वर्षं भांडी घासून ज्यांच्या बोटांची कातडी गेली होती, ते पाच आठवडे घरी बसले. त्यांच्याशी कुणी उद्धटपणे बोललं नाही. सगळे सौजन्याने "पुढच्या आठवड्यात पाहा" म्हणत होते.

हसनला गाव आपलं म्हणतं, कारण तो बेशामेल, व्हेलुते, हॉलंडेज हे फ्रेंच सॉस शिकतो आणि मॅलोरीबाईंना दुसरा स्टार मिळवून देतो. असामान्य असलास तर ये, असा त्याचा अर्थ होतो. त्या तमिळ दादांसारख्यांना या गोष्टीत जागा कुठे आहे? हे मला फार लागतं. तुला पहिली दोन वर्षं त्यांच्याच शेजारी उभं राहायचंय, म्हणून सांगते.

ऑम्लेटचा प्रसंग मात्र सुंदर आहे. हात भाजलेले, म्हणून हसन सांगतो आणि मॅडम करतात. मिरची, कोथिंबीर पडते, आणि घास घेतल्यावर त्यांचा चेहरा बदलतो. एकमेकांच्या हाताखाली काम केल्याशिवाय असा विश्वास बसत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

आता 'मुंबई'बद्दल. कदम आडनाव ऐकून आपले कान टवकारतात, पण पाटीवर मुंबई आणि आत तंदूरचं जेवण. इथेही तेच. फ्रान्समध्ये गिऱ्हाईक बसल्या बसल्या 'नान ओ फ्रोमाज' मागतं, म्हणजे आत चीज भरलेला नान, आणि आत बहुतेकदा 'ला व्हाश की री' या कंपनीच्या चीजचे ते मऊ त्रिकोण. मी मालकांना एकदा भरली वांगी करून घातली. त्यांनी दोनदा वाढून घेतली, पण मेनूत नाही घेतली. तू तुझं जेवण घालणार की त्यांच्या मनातलं भारतीय जेवण, हे जागा बघण्याआधी ठरव.

सिनेमात घर घेतलं, रंग दिला की धंदा सुरू. इथे किचनमधल्या निदान एकाने तरी 14 तासांचं स्वच्छतेचं प्रशिक्षण घेतलेलं लागतं. दारू ठेवायची तर 20 तासांचं वेगळं प्रशिक्षण. त्यावर मिळणारा परवाना 10 वर्षं चालतो. जेवणावर 10 टक्के व्हॅट, दारूवर 20. हे सगळं होऊन जातं. खरी अडचण भाषेची. 2024 च्या कायद्याने अनेक वर्षांच्या रेसिडेन्स कार्डासाठी ए-2 (साध्या रोजच्या बोलण्यापुरतं) आणि 10 वर्षांच्या कार्डासाठी बी-1 (त्याहून एक पायरी वरचं) पातळीचं फ्रेंच लागू केलंय. आणि परीक्षेचं फ्रेंच निराळं, शुक्रवारी रात्री साडेआठला ऑर्डरी ओरडल्या जातात ते निराळं.

नोकरी आत्ताच सोडू नकोस. वर्षभर संध्याकाळी फ्रेंचचा क्लास लाव, आणि सुट्टीच्या दिवशी जवळच्या एखाद्या मोठ्या किचनमध्ये सिंकवर उभा राहा, पगार मिळो न मिळो. ए-2 झालं की मला कळव. इथल्या दोन किचनमध्ये तुझ्यासाठी मी स्वतः शब्द टाकीन.