रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग पोट दुखतं कशानं?

"म्याडम, मले येड लागलं काय?"

भाऊ खुर्चीवर नीट टेकलेही नव्हते. डॉक्टरांनी रात्री घ्यायला दहा मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली होती आणि मेडिकलवरचा पोरगा म्हणाला, ही तर डोक्याची गोळी. वर समुपदेशकाकडे, म्हणजे माझ्याकडे, चिठ्ठी. माणसानं दुसरं काय समजावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात हा प्रश्न शब्द बदलून सारखा येतो. तपासणीत काही सापडत नाही, म्हणजे मी सोंग करतोय का? म्हणून भाऊंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

चाळिशीचा माणूस, कोरडवाहू कापूस आणि तूर. 2017 च्या पावसाळ्यात त्यांना जोराची हगवण लागली आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस नेला. हगवण आठवड्यात थांबली, पोट मात्र ताळ्यावर आलं नाही. सकाळी मुरडा, तीन-चारदा जाणं, गेल्यावर थोडा आराम, पुन्हा गॅस. दोन सोनोग्राफी, नागपूरला दुर्बीण, बेंबी सरकली म्हणून तेल चोळणं, कुणी काही चारलं असेल म्हणून उतारा, सगळं झालं. शेवटी डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे हळव्या आतड्याचा त्रास) असं नाव सांगितलं.

मी त्यांना म्हटलं, तुमचं दुखणं खरं आहे. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंच्या पेशींचं स्वतःचं जाळं असतं, दहा कोटींहून जास्त पेशींचं. त्याचं मेंदूशी दोन्ही बाजूंनी बोलणं चालू असतं. मोठ्या हगवणीनंतर काहींचं हे जाळं हळवं होऊन बसतं. आतड्यात छोटा फुगा फुगवून केलेल्या तपासण्यांत दिसलंय की, इतरांना जेमतेम जाणवतो तो ताण आयबीएसच्या अनेक रुग्णांना दुखतो. सोनोग्राफीत हळवेपणा दिसत नाही. रात्रीची ती गोळी याच मज्जातंतूंसाठी होती, आणि इतक्या कमी मात्रेत नैराश्यासाठी ती देतही नाहीत.

भाऊ जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हन्जे झटका मशीनवानी. तारीले गवत लागलं तरी भोंगा वाजते. डुक्कर नसते."

झटका मशीन म्हणजे रानडुकरं अडवायला शेताभोवती लावलेलं विजेच्या तारेचं कुंपण. इतकं नेमकं मला सुचलं नसतं. तेव्हापासून मी इतरांनाही हेच सांगते, भाऊंच्या नावावर.

भोंगा वाजला की माणूस काय करतो, ते खरं आमचं काम. गावापासून यवतमाळपर्यंत कुठं बाभळी दाट आहेत, कोणत्या धाब्यामागं आडोसा आहे, हे भाऊंना पाठ होतं. एसटीत बसायचं बंद, लग्नाच्या पंगती बंद. पिशवीत कायम पाण्याची बाटली, पिण्याची नव्हे, 'त्या' कामाची. मी विचारलं, इतक्या वर्षांत एसटीत खरंच कितीदा झालं? त्यांनी आठवून आठवून सांगितलं, "एकदाबी नाई." एकदाही न घडलेल्या गोष्टीच्या धास्तीनं पोट रोज आवळत होतं, आणि आवळलं की आणखी दुखत होतं.

बियाण्याच्या कंपनीच्या जुन्या डायरीत रोजची नोंद सुरू केली: काय खाल्लं, काय झालं, मनात काय होतं. त्यांचा सगळा राग वांग्यावर. डायरीत मात्र शेतात खाल्लेलं वांगं निमूट पचलेलं आणि वसुलीवाला यायच्या दिवशी नुसत्या वरणभातानंही मुरडा. चूक माझीही झाली. खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीचं, मी तिसऱ्या भेटीपर्यंत विचारलंच नाही. सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा आणि वर खर्रा. तंबाखूनं आतडी हलतात, त्याला माझं समुपदेशन काय करणार! खर्रा सुटला नाही, पण सकाळचा तरी गेला.

मग पायऱ्या. मुरडा आला की बेंबीवर हात ठेवून सावकाश पोटानं श्वास. आधी एसटीनं एकच थांबा जायचं, मग दोन, मग बाजाराचं गाव. पहिल्या दिवशी भाऊ मधेच उतरून पायी परत आले. चालतं तेही.

पेरणीच्या दिवसांत येणं जमेना, तेव्हा आम्ही फोनवर बोललो. इंग्लंडमध्ये आयबीएसच्या 558 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (2019) फोनवरून दिलेल्या अशा विचार-वर्तन उपचारानंही वर्षभरानंतर फरक टिकलेला दिसला होता. जवळ समुपदेशक नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे.

मात्र शौचातून रक्त, उतरणारं वजन, ताप, रक्त कमी होणं, दुखण्यानं रात्री झोपमोड, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काही असेल तर माझ्याकडे नको, आधी डॉक्टरांकडे जा.

भाऊंचं पोट पूर्ण बरं झालेलं नाही. आठवड्यातून एखादा दिवस बिघडतोच. परवा ते एसटीनं आले, भर उन्हाचे. मी हसून पिशवीकडे बघितलं. बाटली होतीच, पण अर्धी.

"तहान लागली होती," ते म्हणाले, "तं पेलो."