शेकडो मॅन पानांचे एन्कोडिंग एकदम बदलणारे कमांड-लाइन साधन कसे रचावे?

आपला प्रश्न असा आहे की एका पॅकेजमध्ये पोलिश, रशियन आणि जपानी मॅन पाने (युनिक्स-लिनक्समधील कमांडांची माहितीपाने) जुन्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या जुन्या पद्धतींत, पडून आहेत, ती यूटीएफ-8 या सर्व लिप्यांना चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये आणायची आहेत, आणि प्रत्येक फाइलसाठी आयकॉन्व्ह (एन्कोडिंग बदलणारी कमांड) चालवणारी शेल स्क्रिप्ट फार वेळ घेते. स्वतःचे साधन लिहिण्यापूर्वी मॅन-डीबी या मॅन पाने दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील मॅन-रीकोड ही कमांड अवश्य पाहावी. ती 2022 मध्ये, 2.10.0 या आवृत्तीत आली. तिला एकाच वेळी कितीही फाइलींची नावे देता येतात, त्यामुळे दर पानामागे नवी प्रोसेस सुरू करण्याचा खर्च वाचतो. तरीही स्वतः लिहायचे ठरले, तर माझ्या मते बाइट बदलण्याचे काम सर्वांत सोपे असून खरा विचार दोन ठिकाणी करावा लागतो: मूळ एन्कोडिंग कोणते हे ठरवताना आणि निकाल कुठे लिहायचा हे ठरवताना.

मूळ एन्कोडिंगसाठी प्रथम पानाची पहिली ओळ वाचावी, कारण तिथे ‘कोडिंग’ या खुणेसह नाव लिहिलेले असू शकते. ते नसेल तर यूटीएफ-8 म्हणून वाचून पाहावे आणि तेही फसल्यास डिरेक्टरीच्या नावातून कळणाऱ्या भाषेचा आधार घ्यावा: जपानीसाठी ईयूसी-जेपी, रशियनसाठी केओआय8-आर, पोलिशसाठी आयएसओ-8859-2. हा क्रम उलटा करून चालत नाही. केओआय8-आर किंवा आयएसओ-8859-1 यांत कोणताही बाइट वैधच ठरतो, म्हणून त्यांची चाचणी कधीच नापास होत नाही आणि आधीच यूटीएफ-8 असलेले पानही त्यांच्यामुळे निमूटपणे बिघडते. याउलट यूटीएफ-8 चे नियम कडक आहेत. केओआय8-आरमधील रशियन अक्षरे, ‘यो’ वगळता, 192 ते 255 या बाइटांत येतात, तर यूटीएफ-8 मध्ये बहुबाइट अक्षराचा पहिला बाइट सोडून पुढचे सगळे 128 ते 191 यांतलेच असावे लागतात, त्यामुळे त्या एन्कोडिंगमधील रशियन मजकूर चुकून यूटीएफ-8 ठरण्याची भीती जवळजवळ उरत नाही. रूपांतरानंतर पहिल्या ओळीतील खूणही बदलावी, नाहीतर पान स्वतःविषयीच खोटे सांगू लागेल.

निकाल कुठे लिहायचा हे साधनाने गृहीत धरू नये. मॅन-रीकोडमध्ये नव्या नावाला जोडायचा प्रत्यय द्यावा लागतो किंवा मूळ फाइलवरच लिहिण्याचा पर्याय स्पष्टपणे निवडावा लागतो, आणि मला ही सक्ती अतिशय योग्य वाटते, कारण अनेक फाइलींवर एका झटक्यात फिरणाऱ्या कमांडचे मूळ वर्तन विध्वंसक असता कामा नये. जागेवर लिहिताना त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल तयार करून, लेखन पूर्ण झाल्यावरच तिला मूळ नाव द्यावे, म्हणजे साधन मध्येच बंद पडले तरी मूळ नावाखाली अर्धवट पान उरत नाही. मात्र या युक्तीने सांकेतिक दुवा (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) असलेल्या नावाच्या जागी खरी फाइल येते, म्हणून दुवे आधीच ओळखून त्यांना हात लावू नये. जीझिपने दाबलेली (.gz) पाने उघडून साधी लिहिणार असाल तर त्यांची नावे बदलतील आणि त्यांच्याकडे जाणारे दुवे तुटतील, हेही ध्यानात ठेवावे लागते.

एखादे पान वाचता आले नाही तर तिथेच थांबू नये. त्या फाइलचे नाव त्रुटी-प्रवाहात छापून पुढे जावे आणि शेवटी शून्येतर निर्गम-संकेत (कमांड संपताना ती परत देते तो आकडा) द्यावा, म्हणजे बिल्ड स्क्रिप्टला अपयश कळते. फाइलींची यादी मानक इनपुटमधून घेण्याची सोय करणार असाल, तर नावे शून्य-बाइटने विभक्त केलेली स्वीकारावीत. नावात जागा किंवा नवी ओळ असली तरी मग गोंधळ होत नाही.