किल्ले मिळाले, मुलूख नाही

नाशिक

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रामशेज उतरताना तू विचारलंस, "सर, एवढी विमानं, एवढ्या तोफा असून अमेरिका व्हिएतनाममध्ये हरली कशी?" आशेवाडीत गाडी आली आणि उत्तर अर्धवट राहिलं. उद्या तुझ्या हुकमावर माणसं जिवावर उदार होतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपण उभे होतो त्या डोंगरापासूनच धर. १६८२ मध्ये मोगलांनी रामशेजला वेढा घातला. गड बेताचाच, आत काही शे माणसं. तरी पाच वर्षांहून जास्त झुंजला. शेवटी फितुरीनं गेला म्हणतात. पुढे रायगड १६८९, जिंजी १६९८, सातारा १७००. किल्ले मिळत गेले. पण मोगल फौज पुढे सरकली की मागे मराठे हजर. १७०७ मध्ये औरंगजेब नगरजवळ वारला, तेव्हाही मुलूख त्याचा झाला नव्हता.

व्हिएतनाममध्ये १९६९ साली अमेरिकेचे पाच लाखांहून जास्त सैनिक होते. मोठ्या लढाया बहुतेक त्यांनीच मारल्या. १९६८ च्या तेत सणातले, म्हणजे व्हिएतनामी नववर्षातले, कम्युनिस्टांचे हल्लेसुद्धा मोडून काढले. पण दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावात, अमेरिकी वकिलातीच्या आवारातली चकमक टीव्हीवर दिसली आणि 'विजय जवळ आलाय' हे ऐकत आलेल्या आईबापांचा विश्वास उडाला. दोन महिन्यांत अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं.

मला मात्र खेड्यातली गोष्ट जास्त सलते. कम्युनिस्ट बंडखोरांपासून तोडायचं म्हणून अमेरिकेच्या पाठिंब्यावरच्या सायगाव सरकारनं १९६२ पासून शेतकऱ्यांना कुंपणाच्या वसाहतींत हलवलं. भातखाचरं मागे, वाडवडिलांची थडगी मागे. तुझ्या दिंडोरीच्या आजोबांना द्राक्षबागेतून उठवून तारांच्या आत बसवलं, तर ते कोणाला शिव्या देतील? शिपाई दिवसा येतो आणि जातो, बंडखोर रात्री येतो आणि त्याच गावचा असतो. दहा वर्षांनी इथे कोण असेल, हे शेतकऱ्याला नेमकं कळतं. आणि यश मोजायचं कशावर, तर मारलेल्यांच्या आकड्यावर! त्यात शेतकरीही शत्रू म्हणून मोजले गेले.

अमेरिकेची ५८ हजारांवर माणसं गेली, व्हिएतनामी त्याच्या कितीतरी पट. छोट्यानं मोठ्याला लोळवलं, असं आनंदानं सांगू नकोस.

मोठी सत्ता हरतेच असंही नाही. मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, ब्रिटिशांनीही गावं उठवली, पण १९५७ मध्ये स्वातंत्र्य देऊन राज्य तिथल्याच लोकांकडे सोपवलं; मग बंडखोरांपाशी लोकांना सांगायला फारसं उरलं नाही. सायगावच्या सरकारची मुळं खेड्यात कधी रुजलीच नाहीत. अमेरिकी फौज १९७३ मध्ये निघाली, १९७५ मध्ये सायगाव पडलं. २०२१ मध्ये काबूल तर शेवटचं अमेरिकी विमान उडण्याआधीच गेलं.

पुढच्या रविवारी लाओसचा नकाशा घेऊन ये. उत्तरेकडची रसद दक्षिणेत कोणत्या जंगलातून उतरत होती, ते पेन्सिलीनं काढून आण. तिथून पुढे बोलू.

तुझे सर